दुधी काच

नोटीस देणारा आणि घेणारा एकच असला, तर ती पोचली असं धरायचं की नाही, याबद्दल सोसायटीच्या पोटनियमांत अवाक्षर नव्हतं. दादांना पोटनियम तोंडपाठ होते. अख्खी बिल्डिंग त्यांना पाठीमागे 'पोटनियम' म्हणायची, हे त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. अशा माणसावर शनिवारी सकाळी स्वतःच्याच मजल्यावर तोंडात बोट घालून उभं राहायची पाळी आली होती.

नोटीस समोरच्या दारावर होती, म्हणजे धाकट्या भावाच्या. ती तिथे असणारच होती. महिन्यापूर्वीच्या वादळात मागच्या विंगमधल्या एका झाकलेल्या बाल्कनीचा पत्रा सुटून शाळेच्या गल्लीत पडला होता. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, झाकलेल्या सगळ्या बाल्कन्या मोकळ्या करा. सेक्रेटरी म्हणून दादांनी लगेच नोटिसा काढल्या. सख्ख्या भावाचं घर त्यातून वगळायचं नाही, हे कमिटीत छाती पुढे काढून सांगितलं. नियम तो नियम, मग घरचा असो की दारचा.

पण नोटिशीवर भावाचं नाव नव्हतं. 'सदर सदनिकेचे मालक' म्हणून आधी थोरलीचं नाव होतं, म्हणजे दादांच्या बायकोचं, आणि त्याखाली खुद्द दादांचं. तळाशी सही सेक्रेटरीची. तीही त्यांचीच. दादांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काही बदललं नाही.

वरच्या मजल्यावरचे पेन्शनर फिरायला निघाले होते. ते थांबले, मान वाकडी करून त्यांनी नोटीस वाचली आणि "वा! याला म्हणतात घरचा आहेर," असं म्हणून काठी टेकत उतरून गेले. म्हणजे आता तळमजल्यापर्यंत बातमी जाणार होती.

घोळ कसा झाला हे दादांच्या लक्षात यायला वेळ लागला. खजिनदार बाई नव्या होत्या. मालकांची नावं त्यांनी कॉम्प्युटरवरून छापून घेतली आणि दादांनी गठ्ठ्यावर धडाधड सह्या केल्या. नावं कशाला वाचायची? बिल्डिंगमधलं कुठलं घर कुणाचं, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. फक्त स्वतःचं सोडून. कारण अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, जाण्याआधी दोन मुलांसाठी समोरासमोरची दोन घरं घेतली, तेव्हा शाळेकडच्या बाजूचं घर थोरली आणि दादा अशा दोघांच्या नावावर केलं होतं आणि रस्त्याकडचं धाकट्याच्या. राहायला आले त्याच दिवशी घरांची अदलाबदल झाली. ओट्याची उंची, असं काहीतरी कारण होतं. कागद तसेच राहिले. घरातल्या घरात कागद कोण बदलतं? तेव्हापासून दादा धाकट्याच्या घरात राहत होते आणि धाकटा दादांच्या, आणि हे दोघंही पार विसरून गेले होते.

त्यांनी दाराची बेल वाजवायला हात उचलला आणि मध्येच थांबवला. स्वतःच्या घराची बेल वाजवायची असते का, असा एक भलताच विचार मनात आला. दुधाची पिशवी तशीच हातात धरून ते माघारी वळले.

धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, नोटिशीचं काही कळलेलं नव्हतं. ती सकाळपासून बाल्कनीत मशीनवर बसली होती. शाळेचा गणवेश पुढच्या सत्रापासून बदलणार होता आणि जुन्यासारखेच नव्याचेही प्राथमिकचे सगळे शर्ट तिच्याकडे आले होते. भिंतीला लागून निळ्या कापडाचे तागे, मध्ये मशीन, कडेला कापायची फळी. वळायचं म्हटलं तर शिवणारीला आधी पोट आत घ्यावं लागे. पण हीच तिची पेढी होती. याच बाल्कनीवर चिमणीचं, म्हणजे तिच्या मुलीचं, शिक्षण झालं, लग्न झालं. बाल्कनी गेली तर मशीन ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. शयनघरात उजेड नव्हता, आणि हॉलमध्ये धाकट्याचा लिफ्टच्या सुट्या भागांचा संसार पसरलेला होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. दुनियेच्या लिफ्टा वेळेवर चालवायचा, स्वतःच्या हॉलमध्ये मात्र पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती.

थोरली नेहमीसारखी आली, नेहमीसारखीच स्टुलावर बसली आणि बटणांचा डबा मांडीवर घेतला. काज-बटणं तिच्याकडे. वर्षानुवर्षं सकाळची कामं आवरली की ती इथे यायची आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसायची. पैशांचं विचारलं की म्हणायची, "माझे हात शिवशिवतात म्हणून येते. मजुरी देशील तर येणार नाही."

"दारावर कागद लावलाय बघ तुझ्या," थोरली सुईत दोरा ओवत म्हणाली.

"बाल्कनीचा ना? येणारच होता. दादा मला परवा म्हणाले, मन घट्ट कर."

"त्यावर माझं नाव आहे."

धाकटीचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. "तुमचं कसं?"

"घर माझं आहे म्हणे. आहेच की. विसरले होते मी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग धाकटीला हसू फुटलं आणि थोरलीलाही. पण धाकटीचं हसू लवकर आटलं, कारण ती विसरली नव्हती. त्या दिवसाचं तिला सगळं लख्ख आठवत होतं. थोरलीचा मुलगा त्याच उन्हाळ्यात तापाने गेला होता. पाच वर्षांचं पोर. समोरच्या शाळेत त्याचं नाव घालून झालं होतं. शाळेकडचं घर दादांना द्यायचं, हे अण्णांनी त्या नातवाकडे बघूनच ठरवलं होतं. सामान आलं त्या दिवशी थोरली याच बाल्कनीच्या कठड्याशी उभी होती. खाली शाळेची घंटा झाली, पोरं धावत मैदानात आली, आणि थोरली आत वळून म्हणाली, "मला इथला ओटा उंच पडतो गं." धाकटीने ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला उंचच लागतो ताई," ती म्हणाली आणि हमाल जायच्या आत तिने दोन्ही घरांचं सामान फिरवून घेतलं. पुरुषमाणसं संध्याकाळी कामावरून आली ती बदललेल्या घरांत. बायकांचं काहीतरी ओट्याचं आहे, म्हणून ती गप्प बसली.

त्याबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. थोरलीला दुसरं मूल झालं नाही. चिमणीच्या वेण्या रोज तिने घातल्या, डबा भरून दिला, पण तिला शाळेत सोडायला ती एकदाही गेली नाही.

"काचा उतरवायच्या म्हणजे कठीणच," थोरली म्हणाली. बाल्कनीला कठड्याच्या वर सरकत्या काचा होत्या, त्याही दुधी. उजेड आत यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही. बाल्कनीला दुधी काच लावणारी बाई म्हणून धाकटीची सगळ्या विंगमध्ये चेष्टा व्हायची. स्वस्तात मिळाली, असं ती सांगायची.

"काहीतरी होईल मार्ग," धाकटी म्हणाली. काय होईल हे तिला अजिबात सुचत नव्हतं. तिने मशीन पुन्हा सुरू केलं, आणि नेमकी शिवण तिरकी गेली.

तेवढ्यात धाकटा आत शिरला. हातात दारावरून फाडून आणलेली नोटीस. "बघितलंस? बघितलंस दादाचं काम? मालक म्हणे! इतकी वर्षं मी राबलो या घरात, फरशी मी बदलली, नळ मी बदलले, आणि आज हा मालक!"

"अहो, हळू. ताई बसल्यात."

"वहिनींना माझं काही म्हणणं नाही," धाकटा म्हणाला. मग नोटिशीकडे बघून पुन्हा गोंधळला. "म्हणजे नोटीस वहिनींनाच आहे खरी. पण डाव दादाचा आहे."

"डाव रचायला त्यांना वेळ कुठे असतो?" थोरली म्हणाली. "नियम पाठ करण्यात दिवस जातो."

दादाही आलेच. पाठोपाठ चिमणी आली. ती सुट्टीला माहेरी आली होती आणि एका वकिलाकडे टाइपिंगचं काम करायची, त्यामुळे घरात तिला अर्धी वकील मानत. उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न आजवर कधी पडला नव्हता.

"सगळे बसा," ती म्हणाली. "मी समजावते." तिने हॉलमधल्या टेबलावरचे लिफ्टचे नटबोल्ट बाजूला सारले आणि चहाचे दोन कप पुढे ठेवले. "हा निळा कप म्हणजे शाळेकडचं घर. हा पांढरा म्हणजे रस्त्याकडचं. निळ्याची मालकी काकांची, ताबा बाबांचा. पांढऱ्याची मालकी बाबांची, ताबा काकांचा. आलं लक्षात?"

"म्हणजे मी राहतो ते घर कुणाचं?" धाकट्याने विचारलं.

"काकांचं."

"आणि दादा राहतो ते?"

"तुमचं."

"मग त्याच्या घरात मी राहतो म्हणून त्याने मला नोटीस दिली?"

"नाही हो बाबा! त्यांनी स्वतःला दिली."

"तेच म्हणतोय मी. स्वतःला का दिली?"

दादांनी घसा साफ केला. "दिली नाही. गेली. चुकून गेली. पण गेली म्हणजे गेली, ती मागे घेता येत नाही. आणि नोटीस लागलेल्या मालकाला सभेत मत नाही, कमिटीत जागा नाही. हा ठराव गेल्या वर्षी मीच मंजूर करून घेतला."

"आता भोगा," थोरली म्हणाली.

"मत कुणाला आहे मग?" धाकटीने विचारलं.

चिमणीने पांढरा कप पुढे सरकवला. "बाबांना. ज्यांच्या नावावरच्या घराला नोटीस नाही, त्यांना मत. म्हणजे या बाल्कनीचं काय करायचं, यावर बाबांनी मत द्यायचं आणि काकांनी गप्प बसायचं."

असं काही आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. धाकट्याचा चेहरा उजळला. थोरल्या भावाने गप्प बसायचं आणि आपण बोलायचं! "मी ठासून सांगणार," तो म्हणाला, "काचेला हात लावाल तर याद राखा." आणि घसा कोरडा पडल्यामुळे समोरचा निळा कप उचलून तोंडाला लावला.

"झालं," चिमणी कपाळाला हात लावून म्हणाली. "बाबांनी काकांचं घर पिऊन टाकलं."

बाल्कन्यांची सभा त्याच सकाळी खाली पार्किंगमध्ये होती. गाड्या बाहेर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. चेअरमन दातांचे डॉक्टर होते आणि शनिवारी त्यांचा दवाखाना बंद असतो, म्हणून सभा शनिवारची. कुणी लांबण लावली की ते त्याच्या दातांकडे बघत राहायचे. मग बोलणारा आपोआप तोंड मिटायचा.

दादा सवयीने टेबलामागच्या खुर्चीवर बसायला गेले. खजिनदार बाई हळूच म्हणाल्या, "सर, ठरावाप्रमाणे तुम्हाला इकडे बसता येत नाही." दादांनी त्यांच्याकडे बघितलं. ठराव बरोबर होता. त्यांनी आपली फाइल काखेत मारली आणि समोरच्या रांगेत, पेन्शनरांच्या शेजारी जाऊन बसले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. इतकी वर्षं ज्यांना 'नियम वाचा' म्हणून परत पाठवलं, ती सगळी माणसं आज त्यांच्या पाठीमागे बसली होती आणि त्यांच्या टकलाकडे बघत होती.

विषय साधा होता. सगळ्याच बाल्कन्या सरसकट मोकळ्या करायच्या, की ज्यांच्या चौकटी भक्कम असतील त्यांना इंजिनिअरकडून तपासून ठेवू द्यायच्या? मत नसलं तरी नोटीस लागलेल्यांना आपलं म्हणणं मांडायची मुभा होती. दादा उठले. सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता स्वतःवर दंड ठोकूनच खाली बसणार.

"सरसकट काढणं अन्यायाचं आहे," दादा म्हणाले.

सभा गार पडली.

"तपासणी व्हावी. जे भक्कम आहे ते राहावं. घरातल्या माणसांची त्या जागेत उठबस असते, कामं असतात. नियम माणसांसाठी असतो."

"हे कधीपासून?" पेन्शनरांनी विचारलं आणि हशा पिकला. दादांचे कान लाल झाले. मालक झाल्याबरोबर सूर बदलला, असंच सगळ्यांना वाटत असणार, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या मनातलं त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. नोटिसा काढल्या तेव्हा त्यांनी काचा आणि पत्रे मोजले होते. सकाळी त्या नोटिशीवर बायकोचं नाव दिसलं, आणि मगच त्यांच्या डोक्यात आलं की रोज सकाळी घर सोडून ती जाते ती एकुलती एक जागा आपण तोडायला निघालो आहोत.

धाकट्याला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने फक्त एवढंच ऐकलं की दादा बाल्कनी ठेवा म्हणतोय. ज्या दादाने जन्मात एका कुंडीला कठड्यावर बसू दिलं नाही! म्हणजे नक्की पाणी मुरतंय. बाल्कनी ठेवायची, मालकी दाखवायची, मग हळूच घर. तो ताडकन उठला.

"माझं मत काढायच्या बाजूने!"

"अहो!" मागून धाकटीचा आवाज आला.

"थांब गं. मत मला आहे. ती चौकट भक्कम नाही. मीच लावली, मला माहीत. परवाच बघितलं, खालचे स्क्रू गंजलेत. त्या दिवशी पत्रा पडला तशी आपली काच पडली आणि खाली शाळेचं पोर असलं तर? तोंड दाखवता येईल का कुणाला?"

हे मात्र खरं होतं. सकाळी ठेवा म्हणणारा आता काढा म्हणत होता आणि काढा म्हणणारा ठेवा. दोघा भावांनी कधीतरी घरं बदलली होती, आज मतं बदलली, आणि खजिनदार बाईंना कुणाचं म्हणणं कुणाच्या नावापुढे लिहायचं हेच कळेना. त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा चेअरमनांकडे बघितलं. चेअरमन धाकट्याच्या दातांकडे बघत होते.

धाकटा मात्र रंगात आला होता. "आणि वजन किती त्या काचेचं! मी तेव्हाच सांगत होतो, साधी काच घे. हलकी पडते, स्वस्त पडते. छे! हिला दुधीच हवी. साधीच्या दुप्पट महाग. मी म्हटलं, बाल्कनी आहे की न्हाणीघर? पण ऐकेल तर शपथ."

मागच्या रांगेत थोरली बसली होती. तिने मान वर केली.

"भाऊजी, दुधी काच महाग होती?"

"दुप्पट, वहिनी. वर ती लावायला चौकट जाड घ्यावी लागली ती वेगळीच."

थोरलीने शेजारी बसलेल्या धाकटीकडे बघितलं. धाकटी आपल्या बोटाला गुंडाळलेला निळा दोरा सोडवत होती. तो सुटत नव्हता.

"तू तर म्हणाली होतीस, स्वस्तात मिळाली."

धाकटीने दोरा आणखी जोरात ओढला.

"मालकांचं म्हणणं पुरं झालं का?" चेअरमनांनी विचारलं. दादा पुन्हा अर्धवट उठले, तेव्हा खजिनदार बाई म्हणाल्या, "पहिलं नाव बाईंचं आहे. त्यांचं घ्यायला हवं."

थोरली उठली. बोलायची सवय नसलेल्या बाईने सभेत उठून उभं राहावं तशी, पदर सावरत, खुर्चीच्या पाठीला धरून. "माझं म्हणणं मी वर जाऊन, बघून सांगते," ती म्हणाली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालती झाली. धाकटी क्षणभर बसली, मग तीही निघाली.

"काय झालं?" धाकट्याने भावाच्या खुर्चीपाशी येऊन विचारलं. त्याचा आवेश कुठल्या कुठे गेला होता. "मी काही चुकीचं बोललो का? स्क्रू खरंच गंजलेत रे दादा."

"नाही. बरोबर बोललास."

"मग वहिनी का गेल्या? आणि काचेच्या पैशांचं आज काय काढलं? तसं बघितलं तर या सगळ्या भानगडीचं मूळ तो ओटा. त्यांना ओटा उंच पडला म्हणून घरं बदलली, म्हणून हा घोळ."

दादा फाइलच्या नाडीशी चाळा करत राहिले. हयात त्यांनी मोजमापात घालवली होती. नगरपालिकेच्या नकाशाखात्यात नोकरी, खिशात कायम टेप. घरं बदलली त्या आठवड्यात एका सकाळी घरात कुणी नसताना त्यांनी दोन्ही स्वयंपाकघरांत जाऊन ओटे मोजले होते.

"ओटे सारखेच होते रे," ते म्हणाले. "केसाचाही फरक नव्हता."

"मग आपण घरं कशाला बदलली?"

दादांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. काच स्वच्छ होती, तरी पुसत बसले. त्यांना रडू येत होतं आणि एवढ्या लोकांत ते येऊ द्यायचं नव्हतं. धाकटा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि भावाला लागून बसला. काही कळलं नव्हतं, पण आता विचारायचं नाही एवढं त्याला कळलं.

थोरलीने दाराला कुलूप नाही हे गृहीत धरलं होतं आणि ते नव्हतंच. या दोन दारांना दिवसा कुलूप नसे. ती नटबोल्ट चुकवत हॉलमधून थेट बाल्कनीत गेली आणि आपल्या स्टुलापाशी उभी राहिली.

समोर ती काच. पांढरी, आंधळी. इतकी वर्षं तिच्याकडे तोंड करून आपण बसलो, बटणं लावली, बोललो, भांडलो, एकदोनदा रडलोही. पलीकडून पोरांचा गलका यायचा, पण दिसायचं काही नाही, आणि दिसत नाही म्हणून तो सोसायचा. स्वस्तात मिळाली, असं ही सांगायची आणि आपण ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

तिने काचेच्या कडेला हात घातला. कधी न उघडलेली काच, गंजून बसली असेल, म्हणून तिने चांगला जोर लावला. काच एवढी सहज सरकली की थोरलीचा तोल गेला. तिने खाली बघितलं. काचेची खाच घासून चकचकीत झालेली होती, आणि तिच्यात मशीनला घालतात ते तेल होतं. रोज सरकणाऱ्या दाराची असते तशी ती खाच होती.

"तुम्ही जेवायला गेलात की उघडायचे," मागून धाकटी म्हणाली. जिना चढून तिला धाप लागली होती. "थोडीशीच. मधल्या सुट्टीची पोरं बघायला. आपण शिवलेलं अंगावर कसं बसतं ते बघावंसं वाटतं हो ताई. मग तुम्ही यायच्या आत लावून टाकायचे."

"चोरून?"

"चोरून कसं? घर माझं आहे की." मग तिला आठवलं. "होतं, म्हणजे."

थोरली हसली नाही. तिने धाकटीचा हात धरला आणि बोटाचा तो निळा दोरा दातांनी तोडून काढला. "एवढं ओझं कशाला घेतलंस गं डोक्यावर? एक शब्द बोलायचा होतास."

"तुम्ही बोलला होतात का?"

खालून माणसांचा आवाज येत होता, सभा अजून कशावर तरी अडलेली होती.

"काढून टाकू सगळं," थोरली म्हणाली. "भाऊजी म्हणतात ते खरं आहे. खाली लेकरं असतात. मशीन हॉलमध्ये न्यायचं."

"कुणाच्या हॉलमध्ये? आमच्या हॉलमध्ये तर नटबोल्ट आहेत."

"माझ्या. नाही, तुझ्या. म्हणजे मी राहते त्या." थोरलीने वैतागून हात झटकला. "ज्याचा असेल त्याचा. उजेड आहे तिथे, बास. आणि दुपारी इथे येऊन बसायचं. मोकळ्यावर."

"तुम्ही बसाल?"

थोरली बोलणार तोच खाली घंटा झाली. शनिवारची शाळा लवकर सुटते. तिचे खांदे आखडले आणि हात काचेकडे गेला. धाकटीने तो धरला नाही, अडवलाही नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली. हात काचेपर्यंत गेला, तिथेच थोडा वेळ राहिला आणि मग कठड्यावर आला.

दारं उघडली आणि पोरं मैदानात सांडली. जुन्या गणवेशातली, दप्तरं पाठीवर उड्या मारणारी, एकमेकांना ढकलणारी. थोरली बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"यांतले आपले कुठले?" तिने विचारलं.

"सगळेच, ताई."

फाटकाजवळ एक मुलगी एका हाताने शर्टाचा गळा आवळून उभी होती, मैत्रिणीची वाट बघत. थोरलीने कठड्यावरून पुढे वाकून डोळे बारीक केले.

"तिचं वरचं बटण तुटलंय. माझ्या हातचं नाही ते. मी लावलेलं बटण तुटत नाही."

"तुमच्याच हातचं असेल. सगळी तुम्हीच तर लावता."

"मग तिने ओढलं असेल," थोरली म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, स्टूल कठड्याशी ओढून घेतलं आणि बसली. "हाक मार तिला. म्हणावं, वर ये, लावून देते."